लाल खाडी

आमच्या सीवूड्सला खाडी दिसणाऱ्या फ्लॅटचा भाव वेगळा असतो. नानांनी तो मोजला आणि राहायला आल्याच्या आठवड्यात खिडकीला जाड पडदा लावला. लॅपटॉपवर उजेड चकाकतो म्हणे. आता पडद्यापलीकडे ठाण्याची खाडी, आणि अलीकडे नाना तीच खाडी सेंटिनेल-२ उपग्रहाच्या डोळ्यांनी ७८६ किलोमीटर उंचीवरून बघत बसतात.

पाहुण्यासमोर चहाआधी खाडी येते. तीही लालभडक. पाहुणा दचकून म्हणतो, "आग लागलीय की काय?" नानांना नेमकं हेच हवं असतं. "अहो, तिवरं ती! जिवंत पान अवरक्त किरण परतवतं. आपल्याला ते दिसत नाहीत, म्हणून त्यांना लाल रंग द्यायचा. जितकं लाल तितकं तरारलेलं!" काकूंनी पालक आणायला सांगितला, तर परवा म्हणाले, "लालसर बघून आणतो."

उपग्रह दर पाच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास डोक्यावरून जातो. त्या दिवशी नाना दाढी करून बसतात. चित्रातला एक ठिपका म्हणजे १० मीटर लांब-रुंद जागा. त्यात नानांची दाढी कुठे दिसणार, पण सांगायचं कुणी? पावसाळाभर ढगांमुळे घरात सुतक. रडारचं चित्र ढगातूनही येतं. पण ते करडं, त्यात नानांचा जीव रमत नाही.

मध्यंतरी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा टाहो आला: 'खाडी आटली!' सोबत दोन चित्रं. पाच दिवसांपूर्वीच्या चित्रात पाणी, आजच्यात चिखल. निवेदनाचा मसुदाही तयार होता. तेवढ्यात दिवाळे गावची मासळीवाली मावशी दारात आली.

"अवो नाना, ओहोटी हाय ती."

"दोन्ही चित्रं अकराचीच आहेत, मावशी!"

"आज पंचमी. तिथीची पाऊणपट करा. पावनेचारला भरती, म्हंजे धाच्या सुमाराला ओहोटी. पुनवेला भरतीच सव्वाअकराला. तुमचा उपग्रह घड्याळ बघून येतो, खाडी चंद्र बघून."

नानांनी निवेदन पुसलं आणि पाऊणपट एक्सेलमध्ये घातली. लॅपटॉपशेजारी आता पंचांग असतं.

माणूस अगदीच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचे नकाशे उपग्रहचित्रांवरून करवून घेतले, ते नाना स्वतःच्या घरचं कार्य असल्यासारखं सांगतात. आणि तिवरांचा एक कोपरा वर्षागणिक फिकटत चाललाय, हे आमच्यात पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं. कारण मात्र त्यांना सापडेना. कीड म्हणावी, की गाळ, की रसायनं?

परवा बोंबील निवडून देता देता मावशीने स्क्रीनवर बोट ठेवलं. "हितं भराव टाकलाय. भरतीचं पानी आतच जात नाय."

नानांनी कोपरा मोठा केला. आणखी मोठा केला. ठिपके तेवढे मोठे झाले.

"भराव कुठे दिसतोय?"

मावशीने पाटी डोक्यावर घेतली. "पडदा सारा ना."