डेमो डे आणि वर्क ऑर्डर

मुंबई-आग्रा महामार्गावरचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. गिऱ्हाईक हंडा वाजवून, उलटापालटा करून बघतं आणि मग भावाची घासाघीस करतं. स्टार्टअपच्या जगात डेमो डे म्हणतात तो हाच, फक्त स्लाइड नसतात.

2005 मध्ये अमेरिकेत वाय कॉम्बिनेटर या नवउद्योग घडवणाऱ्या संस्थेने साचा घातला: थोडे पैसे, भरपूर सल्ला, तीन महिन्यांनी गुंतवणूकदारांपुढे सादरीकरण, म्हणजेच डेमो डे. साचा देशोदेशी गेला आणि ज्या-त्या मुलखाच्या वळणावर गेला. चिली सरकारने 2010 मध्ये परदेशी उद्योजकांना सुमारे 40 हजार डॉलर देऊ केले, बदल्यात भागीदारीही मागितली नाही. अट एवढीच, की काही महिने इथे राहा. (एवढी बडदास्त आपल्याकडे फक्त जावयाची!) चीनमध्ये तर वाय कॉम्बिनेटरने 2018 मध्ये शाखा जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी काढता पाय घेतला. शाखेचे प्रमुख ची लू यांनी तिथला कारभार पुढे स्वतंत्रपणे चालवला.

महाराष्ट्राने अर्थातच सरकारी वाट धरली. 2018 साली सुरू झालेल्या स्टार्टअप सप्ताहात निवडक 24 नवउद्योगांना 15 लाख रुपयांपर्यंतची सरकारी कामाची वर्क ऑर्डर देण्याची योजना आली. कल्पना खरोखर चांगली. नवख्याला पहिलं गिऱ्हाईक मिळतं. फक्त हे गिऱ्हाईक टिप्पणी, फाइल आणि सही-शिक्क्यानिशी येतं, आणि बिल मंजूर करून घेण्याची विद्या कुठलाच मेंटॉर शिकवत नाही.