सिंधुदुर्गाच्या सार्जंटांना छावनीतून तक्रारपत्र

शिंदे की छावनी,
लष्कर, ग्वाल्हेर

रा. रा. सार्जंट मासे व इतर जलनिवासी,
सिंधुदुर्ग किल्ल्यालगतचे खडक, मालवण यांसी,

सा. न. वि. वि.

आम्ही लष्करातली माणसं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही, त्याचंच लष्कर हे शहर झालं. तेव्हा कुणी अंगावर पट्टे मिरवत असेल तर त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा आम्ही करणारच. तुमच्या अंगावर चांगले ठसठशीत काळे पट्टे आहेत, वर सार्जंट ही पदवी. प्रत्यक्ष भेटीत मात्र घोर निराशा झाली. खाजगीत सांगून तुम्ही ऐकणारे नाही, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे.

पहिली तक्रार हजेरीची. आमच्या सहलीचा क्रम असा होता: सकाळी डॉल्फिन, मग किल्ला, मग स्नॉर्कलिंग, मग मासळीची थाळी. म्हणजे आधी तुमची भेट आणि नंतर तुमच्या नातलगांची. जाकीट चढवलं, चष्मा आवळला, नळी दातांत धरली, हवा भरलेल्या टायरला लटकलो. गाइडने मानेवर हात ठेवून तोंड पाण्यात दाबलं. खाली कुणीही नाही! मग त्याने पिशवीतून पावाचा चुरा काढला, तेव्हा कुठे तुमची पलटण धावत आली. पाव संपला तशी पाठ फिरवून गेलात. आमचे साडू दिलाचे मोठे, त्यांनी ग्वाल्हेरहून आणलेली शेव सोडली. तीही तुम्ही खाल्लीत. पण फोटोत साडूंचा अर्धा कान आणि तुमच्यातल्या एकाची शेपटी, एवढंच आलं आहे.

शिस्त पाण्यालाही लावता येते. आमच्याकडे पाणी म्हणजे तिघरा धरण. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला जे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, तसेच तिघऱ्यालाही बसवले होते. पाणी ठरल्या पातळीवर चढलं की दरवाजा उघडणार, उतरलं की मिटणार. त्यासाठी दरवाजाला कुणी पाव दाखवत नसे. आणि तुमच्या डोक्यावरचा तो किल्ला बघा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचं काम काढलं, तेव्हापासून लाटा खात जागच्या जागी उभा आहे. तुम्हाला पंधरा मिनिटं एका जागी राहवत नाही?

दुसरी तक्रार तुमच्या शेजाऱ्यांची, म्हणजे प्रवाळांची. दमून साडूंनी जरा पाय टेकले, तर अंगठा सोलवटून निघाला. वर गाइडच ओरडला, ‘काका, उभे राहू नका, ते जिवंत आहे!’ उभं राहायचं नाही तर इतका उथळ समुद्र ठेवलाय कशाला? चौकशी केली तेव्हा कळलं की हे गृहस्थ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे साडूंनी एका पावलात किती वर्षं चुरडली, याचा हिशेब आम्ही करावा अशी त्यांची अपेक्षा. शिवाय २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे. वाघावर मात्र आमच्या साडूंनी कधीही पाय ठेवलेला नाही, हे इथे नमूद करतो. नखरे तरी किती! पाणी थोडं जास्त दिवस तापलं की अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकायचं आणि पांढरं पडायचं. त्या शेवाळाच्याच जिवावर यांचं पोट चालतं. स्वयंपाक्याला हाकलून उपाशी बसणाऱ्याची कीव कुणी करावी?

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर. होडीत प्राणिशास्त्राचे एक निवृत्त मास्तर भेटले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तुमच्यातले नर खडकाला चिकटवलेल्या अंड्यांवर पहारा देतात. पाव दिसला की पहारा सुटतो आणि टपून बसलेले इतर मासे अंड्यांवर ताव मारतात. जिथे पर्यटक खाऊ टाकतात तिथे तुमच्यासारखे धीट मासे गर्दी करतात आणि बुजरे हटतात, असंही ते म्हणाले. खडकावरचं शेवाळ खरवडून प्रवाळांना जागा मोकळी ठेवण्याचं काम ज्यांच्याकडे, तेसुद्धा कधीकधी पावाच्या रांगेत उभे! रसदीचा वास येताच चौकी सोडणाऱ्या शिपायाचं दौलतरावांच्या तळावर काय झालं असतं, ते मी सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, हे अभयारण्य आहे. आहे ना! १९८७ मध्ये जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, पैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभा, तोही किल्ल्याजवळच. तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला, कारण उद्या जाळं टाकायचं कुठे हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या गाइडचे वडील किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढायचे. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौकांनी थवेच्या थवे उचलायला सुरुवात केली, तशी रापणीला मासळी कमी पडू लागली. २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, पण पोरगा तोवर टायर आणि चष्मे घेऊन पाण्यात उतरला होता. गिऱ्हाईक मासे मागतं, म्हणून तो पाव टाकतो. होडी उभी करायची म्हणून नांगर टाकतो, आणि नांगर काही खाली बघून पडत नाही.

म्हणजे गाइडचा दोष नाही, त्याला पोट आहे. सरकारचा नाही, त्याने अधिसूचना काढली आहे. आमचा तर नाहीच नाही, आम्ही पैसे मोजले आहेत. मग उरलं कोण? तुम्हीच.

तरी पुढील मागण्यांचा विचार व्हावा.

एक, सार्जंटांनी होडी येण्याआधी रांगेत हजर राहावं आणि कॅमेऱ्याकडे तोंड करावं.

दोन, अंडी घालायची ती पावसाळ्यात घालावीत. तेव्हा स्नॉर्कलिंग बंद असतं आणि आमची गैरसोय होत नाही.

तीन, प्रवाळांनी वाढीचा वेग सुधारावा, किंवा निदान पायाला गुळगुळीत लागावं.

चार, पाण्याने तापू नये.

हे जमणार नसेल तर दुसराही एक मार्ग मास्तरांनी सुचवला होता: पाव आणायचा नाही, पाय टेकायचे नाहीत, होडी आधीच बांधलेल्या बोयाला लावायची आणि जो मासा आपणहून येईल तेवढाच बघायचा. साडूंनी विचारलं, ‘मग पैसे कशाचे?’ होडीत कुणालाच उत्तर सुचलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ग्वाल्हेरकर ग्राहक

ता. क. आमच्याकडे मुरैन्याच्या बाजूला चंबळचं अभयारण्य आहे. तिथे घडियाल आहेत, मगरीही आहेत. तिथे आम्ही सगळे नियम तंतोतंत पाळतो. पाण्यात उतरत नाही, शेव टाकत नाही, कुणाच्या पाठीवर पाय टेकत नाही, आणि जे दुरून दिसेल त्यावर समाधान मानतो. साडूसुद्धा. तेव्हा जमल्यास तुम्हीही दातांचं काहीतरी बघा.