परीक्षण लिहिण्याची सोपी रीत

पुस्तक परीक्षणासाठी आलं की आधी मलपृष्ठ वाचावं. मग प्रस्तावना. बहुतेकांचं काम एवढ्यावर भागतं. प्रस्तावना फारच लांब असेल तर नुसत्या मलपृष्ठावरही. सुरुवात लेखकाच्या परिचयाने करावी, निम्मी जागा तिथेच खपते. पुढे प्रकरणांची नावं ओळीने द्यावीत आणि ‘लेखकाने सविस्तर ऊहापोह केला आहे’ असं म्हणत जावं. काय ऊहापोह केला, हे विचारायला कुणी येत नाही.

दोष दाखवल्याशिवाय परीक्षण तटस्थ वाटत नाही. म्हणून शेवटाकडे मुद्रितशोधनावर तुटून पडावं. ‘की’ऐवजी ‘कि’ छापलेलं सापडलं तर सोनंच! लेखक दुखावत नाही आणि प्रकाशक पुढच्या आवृत्तीचं आश्वासन देऊन मोकळा होतो. मग मुखपृष्ठ बोलकं, छपाई सुबक, पुस्तक संग्राह्य.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा त्यांची टीका लोकांना झोंबायची. कधी ती सरळ अन्यायाची होती. जोतीराव फुल्यांवर त्यांनी जे लिहिलं ते आजही खटकतं. पण पुस्तक उघडून लिहिलेलं असायचं. पुढे जयवंत दळवी तर ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने भल्याभल्या साहित्यिकांच्या टोप्या उडवायचे.

आता तसं जमत नाही. लेखक आणि परीक्षक एकाच व्हॉट्सॲप गटात असतात, आणि पुढच्या महिन्यात परीक्षकाचाही कवितासंग्रह येतोय.