अंथरूण पाहून दात पसरावे

पाऊस वेळेवर येवो न येवो, कापसाला हमीभाव मिळो न मिळो, पुण्यातल्या टू बीएचके फ्लॅटांत कापसाचं पीक बारमाही आहे. त्याला काळी जमीन लागत नाही, बियाणं लागत नाही, बोंडअळीचं भय नाही. लागतं फक्त सात-आठ महिन्यांचं एक कुत्रं आणि त्याच्यासाठी हौसेनं आणलेली गादी. सकाळी नऊला दाराला कुलूप लावावं, संध्याकाळी सातला उघडावं. हॉलभर पांढरंशुभ्र पीक डोलत असतं आणि मधोमध उत्पादक शेपूट हलवत उभा असतो.

खरं तर हा कापूस नसतोच. या गाद्यांत भरलेला असतो पॉलिस्टरचा धागा, म्हणजे पेट्रोलचाच चुलतभाऊ. तो कुजत नाही, झाडूला दाद देत नाही, आणि पंखा लावला की घरातल्या प्रत्येकाच्या चहात त्याचं समन्यायी वाटप होतं.

आमच्या घरचा उत्पादक म्हणजे ब्रूनो. जात लॅब्राडोर, रंग बिस्किटी, शिक्षण 'शेकहँड'पर्यंत. लेकीला दहावीच्या वर्षात सोबत हवी म्हणून तो आला. आता लेक क्लासला असते, बायको बँकेत, आम्ही ऑफिसात, आणि सोबतीला आणलेला गृहस्थ घरात एकटा.

आमच्या लहानपणी वाड्यात मोती नावाचा कुत्रा असे. तो नक्की कुणाचा हे अखेरपर्यंत ठरलं नाही. त्याला झोपायला गोणपाट मिळे. ते फाटलं की वाण्याकडून दुसरं येई. या विषयावर कुणी तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याचं ऐकिवात नाही. आता काळ सुधारला. आता आपण कुत्र्याचे मालक नसतो, 'पेट पेरेंट' असतो. दुकानातल्या मुलीनं आम्हाला विचारलं, "सर, बेबी कुशीवर झोपतं की गोल होऊन?" आमची आई महिनाभर राहायला येते तेव्हा ती कोणत्या कुशीवर झोपते, असं आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. तिला आम्ही फोल्डिंगची कॉट देतो.

पहिली गादी 'डोनट' पद्धतीची निघाली. मधे खळगा, कडेला फुगवटा, म्हणजे फर चिकटवलेला मेदूवडाच. ब्रूनोनंही तिच्याकडे त्याच नजरेनं पाहिलं. मग कुणी म्हणालं, स्वस्तातलं घेतलं की असंच व्हायचं. म्हणून 'ऑर्थोपेडिक मेमरी फोम' आला. हा फोम अंगाचा आकार लक्षात ठेवतो म्हणे. मुळात तो १९६६ साली नासाच्या एका प्रकल्पात विमानाच्या आसनांसाठी तयार झाला, धक्का बसला तर आतला माणूस वाचावा म्हणून. शास्त्रज्ञांनी विमानाच्या अपघाताचा विचार केला होता, ब्रूनोचा केला नव्हता. त्या फोमचे तुकडे अजून सोफ्याखाली सापडतात आणि त्यातल्या प्रत्येकाला ब्रूनोचा जबडा नीट लक्षात आहे.

त्यानंतर आली ती 'कितीही चावा, फाटणार नाही' या जातीची. जाड नायलॉन, दुहेरी शिवण, सोबत वॉरंटी कार्ड. कार्डावर मुंगीच्या अक्षरात छापलं होतं की प्राण्याच्या दातांनी किंवा नखांनी झालेल्या नुकसानीला ही वॉरंटी लागू नाही. दुकानदाराच्या तोंडावर मारायला ते कार्ड शोधलं, तर सापडलं नाही. ते कागदाचं होतं आणि कागदाला तर तोंडदेखलीही वॉरंटी नव्हती.

गादी फाटली की तज्ज्ञ उगवतात. सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्यांत कुत्र्याचं पोट, कुत्र्याचं मन आणि कुत्र्याची पत्रिका अशा तिन्ही विषयांचे जाणकार आहेत. एकानं उष्णतेचं निदान करून सब्जा सांगितला. एकीनं कॅल्शियम कमी पडतंय म्हणून अंड्याची टरफलं सुचवली. ज्यांनी उभ्या जन्मात कुत्रं पाळलेलं नाही असे एक काका म्हणाले, "दोन रट्टे द्या, सुतासारखा सरळ येतो." याच काकांचा नातू महागडा मोबाइल भिंतीवर आपटतो तेव्हा मात्र "फार ॲक्टिव्ह आहे हो" असं कौतुकानं सांगितलं जातं.

मग ट्रेनर आले. कमरेला पट्टा, पट्ट्याला पिशवी, पिशवीत चिकनचे तुकडे आणि तोंडात एकच शब्द: 'अल्फा'. कुत्रं म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या टोळीत एक पुढारी असतो, गादी फाडून ब्रूनो तुमच्या नेतृत्वाला आव्हान देतोय, तेव्हा बॉस कोण ते त्याला दाखवा. हा सिद्धान्त १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांकडे पाहून मांडला. डेव्हिड मीच या अमेरिकन अभ्यासकानं १९७० च्या पुस्तकातून तो घरोघरी पोचवला. पुढे मीचनं रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले, तेव्हा त्याला कळलं की टोळी म्हणजे चक्क आई-बाप आणि त्यांची पोरं. १९९९ साली त्यानं तसं लिहिलं, आणि स्वतःचंच पुस्तक छापणं बंद करा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला. ही घटना आपल्याकडे कुणाला पटणं अवघड आहे. आपल्याकडे माणूस फार तर 'माझ्या विधानाचा विपर्यास केला' एवढंच म्हणतो आणि पुढची आवृत्ती काढतो. शिवाय घरात बॉस कोण हे ब्रूनोला दाखवायचं, तर आधी आम्हाला ते माहीत असायला हवं. बायको घरी असताना हा प्रश्न आम्ही काढत नाही.

एकदा मात्र विनोद संपला. गादीच्या खोळीची चेन फाटलेली होती आणि चेनचा सरक, ती बोटाच्या पेराएवढी धातूची कडी, कुठंच नव्हती. डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, "किती गिळलंय?" या प्रश्नाचं उत्तर मिळवण्याची एकच रीत आहे. आम्ही तिघं हॉलच्या फरशीवर बसलो आणि गादी परत जुळवायला घेतली. कापडाच्या चिंध्या कडेला कड लावून मांडल्या, फोमचे तुकडे मापाप्रमाणे रचले, शिवणीचे दोरे सरळ केले. दहावीच्या भूमितीत जिला रस नव्हता ती लेक "हा कोपरा डावीकडचा आहे बाबा" असं अधिकारवाणीनं सांगत होती. ब्रूनोला वाटलं, हा खेळ त्याच्यासाठीच मांडलाय. त्यानं एक तुकडा उचलून आदरानं लेकीच्या मांडीवर आणून ठेवला. सरक शेवटी दिवाणाखाली निघाला, दातांच्या खुणांसकट.

डॉक्टरबाई म्हणाल्या, नशीब समजा. कापड, फोम, दोरा पोटात गेला तर आतड्यात अडकतो आणि मग पोट उघडावं लागतं. धातू एक्स-रेत दिसतो, कापड आणि फोम सहसा दिसत नाहीत. कुत्रं वारंवार ओकायला लागलं, खाणं सोडून कोपऱ्यात बसलं, तर सब्जा भिजवत बसू नका, उचलून घेऊन या. शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. आत कुठंवर गेलाय ते कळत नाही, आणि ओढला तर आतडं कापलं जातं. लॅब्राडोरच्या बाबतीत हे सगळं आणखी जपायचं, कारण ही जात काहीही गिळते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरच्या एका जनुकात असा बिघाड असतो की त्याची भूक भागतच नाही. हा बिघाड फक्त कुत्र्यांत शोधला गेला, महामंडळांत कुणी शोधला नाही.

आणि तो फाडतो का, तर कामच त्याचं ते. लॅब्राडोर मुळात लॅब्राडोरचा नाही, शेजारच्या न्यूफाउंडलंडचा. तिथं त्याचे पूर्वज कोळ्यांच्या बरोबर गार पाण्यात उड्या मारत, जाळी ओढत, गळातून निसटलेले मासे धरून आणत. इंग्लंडातल्या उमरावांनी त्यांना पाडलेली बदकं आणायच्या कामाला लावलं. तोंड हाच ज्याचा हात, अशा कष्टकरी घराण्याचा हा वारस आपण सातव्या मजल्यावर आणतो, दिवसभर कुलपात ठेवतो आणि अपेक्षा करतो की त्यानं हातावर हात धरून बसावं. त्यात वयाची भर. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात पडतात, बेचाळीस पक्के येतात, सहा-सात महिन्यांपर्यंत हिरड्या शिवशिवत असतात. ते संपतं न संपतं तोच पौगंडावस्था येऊन बसते आणि ती दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत हलत नाही. दहावीतली लेक आणि पौगंडावस्थेतला कुत्रा एका छताखाली असताना घरात आदळआपट कोणाची आहे हे दाराबाहेरून सांगता येत नाही.

आता त्या चेहऱ्याबद्दल. दार उघडलं की कान पाडून, नजर चुकवून, पोट जमिनीला टेकवत ब्रूनो येतो आणि बायको म्हणते, "बघ, कळतंय त्याला, कसा ओशाळलाय!" न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली चौदा कुत्र्यांवर हे तपासलं. मालकानं खाऊ समोर ठेवून 'खायचं नाही' म्हणून बाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्यानं तो खाल्ला की नाही हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. ओशाळलेला चेहरा गुन्ह्याशी जुळलाच नाही, तो जुळला रागावण्याशी. उलट ज्यांनी खाऊला तोंड लावलं नव्हतं तेच फुकट रागे भरल्यावर जास्त ओशाळले. म्हणजे तो चेहरा पश्चात्तापाचा नसून 'साहेब आज तापलेत, जरा जपून' एवढ्याच अर्थाचा आहे. सरकारी कचेरीत तो रोज दिसतो आणि तिथंही फायलीचं काय झालं याच्याशी त्याचा संबंध नसतो.

हे सगळं चाललेलं असताना सोसायटी गप्प बसणार नव्हतीच. डक्टमधून उडालेले धागे खालच्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर बसले आणि सेक्रेटरींचं पत्र आलं: 'आपल्या सदनिकेतून तंतुमय पदार्थाचे उत्सर्जन होत असून...' सभेत कुत्राबंदीचा ठराव आला. पण भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ सालीच सांगून ठेवलंय की सोसायटीला सर्वसाधारण सभेच्या बहुमतानंसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. हे वाचून दाखवल्यावर सभा ताबडतोब नेहमीच्या विषयाकडे वळली, म्हणजे पार्किंगकडे.

डॉक्टरबाईंचा उपाय मात्र फार अपमानास्पद होता. त्यात खरेदीच नव्हती. गादी काढून टाका, म्हणाल्या. जुनी चादर चौघडी करून द्या. फाडली तर फाडली, तुकडे मोजून उचला. फ्रीजरमधलं गाजर किंवा भिजवून गोठवलेलं फडकं समोर बसून चावायला द्या. जेवण वाडग्यात देऊ नका, घरभर पसरा, हुंगून शोधू दे. तोंडातली वस्तू ओढून घेऊ नका, नाहीतर तो रस्सीखेचीचा खेळ होतो. बदल्यात दुसरं काहीतरी द्या. सकाळी फिरायला नेता तेव्हा मोबाइल घरी ठेवा आणि त्याला खांबन्‌खांब वाचू दे. दाराशीच ओरबाडत असेल, लाळ गळत असेल, एकटा पडल्या पडल्या विव्हळत असेल, तर तो कंटाळा नाही, धास्ती आहे. मग थोडा थोडा वेळ एकटं राहण्याची सवय लावावी लागते. "आणि सगळ्यात महत्त्वाचं," त्या म्हणाल्या, "दुपारी कुणीतरी घरी येऊन जा."

घरात शांतता पसरली. गाद्यांवर खर्च करायला आम्ही तयार होतो, पण दुपारची अर्धी रजा? म्हणून आम्ही कॅमेरा बसवला. त्यात स्पीकरही आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून आम्ही मोबाइलमधून गरजलो, "ब्रूनो, नो!" ब्रूनोनं मान वळवली, आवाज कुठून आला ते शोधलं आणि पंधरवड्यापूर्वीच आणलेल्या गादीत मालक अडकलेला असणार अशी त्याची खात्री पटली. पुढच्या मिनिटभरात त्यानं आम्हाला वाचवण्यासाठी जे प्रयत्न केले ते रेकॉर्डिंगमध्ये आहेत. एवढं कुणी आजवर आमच्यासाठी केलं नव्हतं.

सध्या गादी नाही. दुपारी बायको आणि आम्ही आळीपाळीनं येऊन जातो, साहेबाला पित्ताचं कारण सांगून. ब्रूनो खांब वाचतो, गाजर फोडतो आणि उन्हाळा असल्यामुळे उघड्या फरशीवर चारी पाय ताणून घोरतो. पण ही अवस्था टिकायची नाही, कारण बाजार झोपलेला नाही. कुत्र्याला गार फरशीच आवडते हे एकदा त्यांच्या लक्षात आलं की शहाबादी लादीचा दोन बाय तीनचा तुकडा खोक्यात घालून 'नॅचरल स्टोन कूलिंग बेड' म्हणून येईल, सुलभ मासिक हप्त्यांवर, सोबत वॉरंटी कार्ड. आणि आम्ही तो घेऊ. निदान तो पंख्याच्या वाऱ्यानं चहात तरी येणार नाही.