तळ्याकाठचे कारभारी

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या तीन स्थानकांच्या आसऱ्याने आयुष्य कंठणाऱ्या मध्यमवर्गात ज्या काही स्वयंभू विभूती आढळतात, त्यांत दरवर्षी मे महिना सरता सरता आपल्या सोसायटीतल्या वीसपंचवीस जीवांना घराबाहेर काढून एखाद्या जलाशयाकाठी तंबूत निजवण्याची, कोणीही न सोपवलेली जबाबदारी शिरावर घेणाऱ्या कारभाऱ्यांचा मान मोठा आहे. त्यांची निवड होत नाही, मुदत संपत नाही, आणि राजीनामा त्यांनी कितीदाही दिला तरी तो मंजूर होत नाही. कारण जो तो मंजूर करील त्यालाच पुढल्या खेपेस घरोघर वर्गणी मागत फिरावे लागेल, ही धास्ती सर्वांच्या मनात कायम असते. हे गृहस्थ सामान्यतः पन्नाशी ओलांडलेले, बँकेत, विमा कचेरीत किंवा मंत्रालयात हयात घालवलेले आणि सकाळच्या गर्दीत चौथी सीट मिळवण्याच्या विद्येत पारंगत असतात. त्यामुळे माणसे कितीही असोत आणि जागा कितीही अपुरी असो, सर्वांना कुठे ना कुठे टेकवता येते, यावर त्यांची नितांत श्रद्धा असते.

स्थळनिश्चितीची बैठक सोसायटीच्या गच्चीवर भरते आणि तीत कारभारी एकेका सूचनेचा सप्रमाण निकाल लावतात. ठाण्याच्या व्याह्यांनी मासुंदा तलावाचा उल्लेख केलाच, तर जिथे नावेतून उतरताच हाती भेळ येते आणि कोपिनेश्वराचे दर्शन घेऊन पुन्हा गडकरी रंगायतनातला प्रयोगही गाठता येतो, तिथे अरण्यवास संभवत नाही, असा शेरा मारून ते तो नामंजूर करतात. येऊरचे रान राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतले, तेव्हा तिथे रात्रीच्या मुक्कामाची गोष्ट बोलायलाच नको. आणि तानसा तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत असल्यामुळे, मुंबईकरांच्या पिण्याच्या पाण्यात डोंबिवलीकरांनी पाय बुडवणे हे शेजारधर्माला धरून होणार नाही. अशा रीतीने सर्व प्रतिस्पर्धी गारद झाले, की बैठकीला येण्यापूर्वीच ठरलेले भंडारदऱ्याचे नाव ते, जणू सभेच्या आग्रहाखातर, जाहीर करतात. प्रवरा नदीवर १९२६ साली पुरे झालेले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव धारण करणारे ते दगडी धरण, त्याची सुमारे ८२ मीटरांची उंची आणि समोरच्या कळसूबाईची १६४६ मीटरांची उंची हे सारे आकडे त्यांना मुखोद्गत असतात व ते ऐकताना सभासद माना डोलावतात. कारण प्रश्न विचारल्यास व्याख्यान वाढते, हा पूर्वानुभव असतो.

रवानगीच्या दिवशी कसारा लोकलमध्ये जे सामान चढते, त्यावरून मंडळी दोन रात्रींसाठी निघाली आहेत की बिऱ्हाड हलवीत आहेत, याचा उलगडा सहप्रवाशांना होत नाही. प्रत्येक पिशवीवर क्रमांक असतो आणि क्रमांकाचा तपशील कारभाऱ्यांच्या लाल वहीत असतो: पिशवी एक, तिखटमिठाच्या पुऱ्या, पिशवी दोन, भडंग आणि मेतकूट, पिशवी तीन, सुतळी, ताडपत्री, ओडोमॉस, अमृतांजन आणि कुणाच्या तरी सासूबाईंचे गुडघ्याचे तेल. पिशवी चारमध्ये डोंबिवलीच्या नळाचे, म्हणजे बारवी धरणाचे पाणी बाटल्यांतून भरून घेतलेले असते, आणि एका धरणाचे पाणी पाठीवर लादून दुसऱ्या धरणाच्या काठी नेऊन पिण्यात काही विसंगती आहे, असे त्या मेळाव्यात कोणालाही वाटत नाही. टिटवाळा येताच गणपतीला हात जोडले जातात, आसनगावला पहिल्या पुऱ्या निघतात, आणि खर्डी मागे पडेपर्यंत पिशवी एक रिकामी झाल्याची नोंद करण्याचा कटू प्रसंग कारभाऱ्यांवर ओढवतो.

कसाऱ्याहून जीपगाड्या घाट चढून, इगतपुरी-घोटीवरून शेंडी गावी पोहोचतात, तेव्हा तळ्याकाठचे तंबू गावातल्या तंबूवाल्याने आधीच ठोकून ठेवलेले असतात. परंतु दुसऱ्याने केलेला बंदोबस्त जशास तसा स्वीकारणे कारभाऱ्यांच्या रक्तात नाही. तंबूवाल्याने सर्व तंबूंची तोंडे पाण्याकडे केलेली असतात. आल्याबरोबर ते उपटवून कारभारी दोन रांगा समोरासमोर बसवतात, मध्ये आवार सोडतात, एका रांगेस ए विंग व दुसरीस बी विंग अशी नावे देतात, आणि ज्येष्ठांना शौचालयालगत, नवविवाहितांना ज्येष्ठांलगत व स्वतःला प्रवेशद्वारी अशी जागावाटपाची यादी वाचून दाखवतात. या व्यवस्थेत सोसायटीचे हुबेहूब आवार निर्माण होते आणि तळे तेवढे मागच्या बाजूला, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या पलीकडे राहते. त्यातून उन्हाळ्याअखेरीस नगर जिल्ह्यातल्या शेतीसाठी पाणी सोडून सोडून जलाशय बराच खाली गेलेला असतो. तेव्हा ठरलेल्या दरात इतके कमी पाणी कसे, असा जाब ते तंबूवाल्याला विचारतात. तो अदबीने म्हणतो, "व्हय सायेब, पुढल्या टायमाला बघू," आणि भाकऱ्यांच्या पिठाची चौकशी करायला निघून जातो.

अंधार पडल्यावर चुलीवरचे पिठले, तांदळाची भाकरी आणि ठेचा यांचा समाचार घेऊन झाला, की मुक्कामाचा मुख्य कार्यक्रम येतो, तो काजव्यांचा. पावसाळ्याच्या तोंडावर या परिसरातल्या हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजव्यांचे थवेच्या थवे उतरतात आणि संपूर्ण झाड एकाच लयीत उजळते व विझते. हा सोहळा डोळ्यांना कळायचा, तर दोनच गोष्टी आवश्यक असतात, काळोख आणि शांतता, आणि नेमक्या याच दोन गोष्टी कारभाऱ्यांच्या वहीत नोंदलेल्या नसतात. हातातल्या लांबलचक बॅटरीचा झोत झाडावर फिरवीत ते सांगू लागतात, की उजेडाने काजवे बुजतात, तरी कोणीही बॅटरी लावू नये. नर काजवा मादीला साद घालण्यासाठी लुकलुकतो, कृत्रिम प्रकाशात त्याची साद तिला दिसत नाही, आणि त्यामुळे पुढची पिढीच धोक्यात येते. हे विवेचन रंगात येऊन झोत तिसऱ्या झाडाकडे वळतो, तेव्हा मागून घरच्यांचा आवाज येतो, "अहो, आधी ती तुमची बॅटरी विझवा, म्हणजे त्या बिचाऱ्यांचं लग्न तरी जमेल!" बॅटरी विझते. मग कोणी काही बोलत नाही, लहान मुलेसुद्धा, आणि त्या काही मिनिटांसाठीच सारा खटाटोप होता, हे कारभाऱ्यांसह सर्वांच्या ध्यानात येते. मात्र कारभाऱ्यांच्या ध्यानात ते फार वेळ टिकत नाही, कारण हजेरी घेण्याची वेळ झालेली असते.

या माणसाला हसणे सोपे आहे. पण वर्षाचे साडेतीनशे दिवस जो साहेबांचा, वेळापत्रकाचा आणि 'गाडी पंधरा मिनिटे उशिराने धावत आहे' या घोषणेचा हुकूम मुकाट्याने झेलतो, त्याला दोन रात्रींची जहागीर मिळाली असता त्याने ती डोळ्यांत तेल घालून सांभाळली, तर त्यात नवल ते काय? शिवाय ज्यांनी या वहीची, यादीची आणि बॅटरीची यथेच्छ टवाळी केली, ते सर्व, कारभारी नसते तर, भंडारदऱ्याचे काजवे वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतच पाहते. निसर्गावर प्रेम करणारी माणसे आमच्या डोंबिवलीत घरटी चार सापडतील. जीपवाल्याला आगाऊ रक्कम देऊन त्याची पावती जपून ठेवणारा मात्र सबंध सोसायटीत एखादाच असतो.

निघण्याच्या दिवशी हिशेब वाचला जातो, माणशी सव्वीस रुपये परत केले जातात, आणि रात्री बी विंगमध्ये कोण घोरत होते, चहा पानचट का, पायमोजा कोणी पळवला, अशा समस्त तक्रारींची कैफियत कारभारी उभ्यानेच ऐकून घेतात. बाजूला तंबूंच्या खुंट्या उपटत असलेला तंबूवाला हे सारे पाहत असतो. जीप सुटताना तो जवळ येऊन मनापासून हात जोडतो आणि म्हणतो, "सायेब, पुढल्या साली पण तुम्हीच या. तुम्ही असला, की बाकीचं कुणी माझ्याकडं गाऱ्हाणं घेऊन येत नाही बघा." हे प्रशस्तिपत्र कारभारी कसाऱ्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक डब्यागणिक ऐकवतात, आणि लाल वहीच्या नव्या पानावर पुढल्या वर्षीची तारीख घालतात.