साधं की भारी?

टेक्सासात पेट्रोल भरायला कुणी पुढे येत नाही. "साहेब, झिरो बघा" म्हणणारा नसतो, "साधं की पॉवर?" असं विचारणाराही नसतो. तो प्रश्न पंपच विचारतो, तीन बटणं पुढे करून. पिवळ्या चिठ्ठीवर काळे ठळक आकडे: ८७, ८९, ९३. कार्ड सरकवून झालेलं असतं, मागे कुणीतरी इंजिन चालू ठेवून खोळंबलेलं असतं आणि पिकअप ट्रकच्या मालकाचं बोट हवेतच राहतं.

लहान गाडीवाल्याला हा प्रश्न फारसा छळत नाही. पिकअपची गोष्ट वेगळी. एवढं मोठं धूड. दारात उभं राहिलं की घर दिसत नाही. त्याला 'साधं' पाजायचं म्हणजे घरच्याच माणसासाठी हात आखडता घेतल्यासारखं वाटतं. शिवाय आपला पिंड मध्यमवर्गीय. महाग ते चांगलं, हे आपल्याला पटतं. स्वस्त ते शहाणपणाचं, हेही पटतं. आणि दोन्ही एकाच क्षणी पटतं, हीच पंचाईत.

गंमत म्हणजे ९३ च्या पेट्रोलमध्ये ताकद जास्त नसते. एका गॅलनमधली ऊर्जा दोन्हीकडे जवळपास सारखीच. इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं म्हणावीत, तर ती साध्यातही घालावीच लागतात, तसा नियमच आहे. मग जास्तीचे पैसे कशाचे? सहनशक्तीचे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते, तापते, आणि प्लगच्या ठिणगीनेच हे मिश्रण पेटावं, आपोआप नव्हे, अशी अपेक्षा असते. कमी ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे जुन्या काळातला जावई: कुणी काही बोलायच्या आत पेटणार. मग इंजिनातून बारीक टकटक ऐकू येते. मेकॅनिक म्हणतो, "नॉक करतंय." पंपावरचा ऑक्टेनचा आकडा सांगतो तो एवढाच, की हे पेट्रोल किती दाब सोसून गप्प बसेल. म्हणजे आपण पैसे मोजतो ते थंड डोक्याचे.

त्यात हल्लीच्या इंजिनांना कान असतात. नॉक सेन्सर टकटक ऐकतो आणि संगणक ठिणगीची वेळ जराशी मागे सरकवतो. ताकद किंचित कमी होते, पण इंजिन वाचतं. साधं पेट्रोल घातल्यावर ट्रक रुसून बसेल ही भीती त्यामुळे बरीचशी जुन्या काळातली.

गावाकडच्या मंडळींना मात्र ८७ ऐकूनच वाईट वाटतं. "एवढ्या श्रीमंत देशात ८७? आपल्याकडे साधंसुद्धा ९१ असायचं!" खरं तर दोन्ही जवळपास एकच. भारतात आकडा एका चाचणीतून काढतात. अमेरिकेत दोन चाचण्यांची सरासरी घेतात आणि दुसरी चाचणी जास्त कडक असते. तरी गावाकडच्या काकांचं समाधान होत नाही. त्यांच्या हिशेबी आमचा ट्रक उपाशीच.

मधलं ८९ चं बटण आम्हा मराठी माणसांसाठीच केलं असावं. अगदीच साधं नको, फार भारीही नको. बऱ्याच पंपांवर ते ८७ आणि ९३ जागेवरच मिसळून तयार होतं. रॅम ट्रकच्या ५.७ लिटर हेमी इंजिनासाठी कंपनी ८९ च सुचवते. बाकीचे बहुतेक जण ते मनाच्या शांतीसाठी घेतात. आणि तिन्ही प्रकार एकाच नळीतून येत असतील, तर आधीच्या गिऱ्हाइकाचं थोडं पेट्रोल नळीत उरलेलं असतं. ९३ चे पैसे मोजणाऱ्याच्या टाकीत पहिले घोट कुणाच्या तरी ८७ चे जातात.

२०१६ साली 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेने हिशेब मांडला: वर्षभरात अमेरिकेतल्या १ कोटी ६५ लाख चालकांनी गरज नसताना प्रीमियम, म्हणजे भारी पेट्रोल, भरलं आणि २१० कोटी डॉलर उडवले. हा आकडा वाचून हसू येतं, पण त्या माणसांचा राग येत नाही. आपल्या वस्तूचं आपण काहीतरी जास्त करतो आहोत, या समाधानाची तेवढी किंमत असेलही.

खरा निकाल गाडीच्या पुस्तिकेत असतो, आणि ती वाचणं कुणाच्या जिवावर येत नाही? काही इंजिनांना प्रीमियम लागतंच. तिथे वाद नाही. फोर्डच्या एफ-१५० चं टर्बो इंजिन ८७ वर सुखाने चालतं, पण उकाड्यात ट्रेलर ओढायचा असेल तर ९१ किंवा त्याहून वरचं बरं, असं कंपनी सांगते. थोडक्यात, भारी पेट्रोल मालकाच्या ऐपतीवर ठरत नाही, ट्रकच्या पाठीवरच्या ओझ्यावर ठरतं. एरवी आमच्या ट्रकच्या पाठीवर असतात तांदळाच्या गोण्या आणि बागेचं खत. त्यासाठी ८७ पुष्कळ झालं.

मात्र पिकअप घेतली की माणूस आपोआप महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत जातो. गणपतीत मखर, पाट, सतरंज्या, ढोल आणि पातेली भरलेला ट्रेलर मागे लागतो. टेक्सासात तेव्हा ऊन नुसतं भाजून काढत असतं. तेवढ्यापुरतं मी निःशंक मनाने ९३ चं बटण दाबतो. ट्रकलाही वर्षातून एकदा गोडधोड हवंच. पावती खजिनदार काकांकडे देतो. ते चष्मा वर करून ती नीट वाचतात आणि पैसे देतात, ८७ च्या भावाने.