दोन अब

प्रत्येक शाळेत गणिताचे दोन मास्तर असतात. एकाचा मार लक्षात राहतो, दुसऱ्याचे विनोद. आमच्या वाट्याला दुसरे आले.

बुटकी मूर्ती, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि फळ्याला टेकून उभं राहायच्या सवयीमुळे उजव्या खांद्यावर कायम खडूची पूड. विनोद येणार असला की आधी सरांचा चष्मा नाकावरून घसरायचा. मग ते खिडकीबाहेर बघायचे. मग स्वतःच हसून घ्यायचे. प्रत्यक्ष विनोदाचा नंबर त्यानंतर. त्यांच्या पुस्तकात समासात पेन्सिलीने ‘येथे हशा’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. एके ठिकाणी ते खोडून ‘हशा नाही’ असं केलं होतं. मास्तर प्रामाणिक होते.

अडचण एवढीच की विनोद दरवर्षी तेच. दहावीतला दादा आठवीतल्या भावाला जुन्या वह्यांबरोबर सरांचे विनोदही देऊन जायचा. त्यामुळे चष्मा घसरायच्या आत वर्ग हसून मोकळा. सरांना वाटायचं, यंदाची बॅच हुशार आहे.

सगळेच विनोद चांगले होते असं म्हणणं म्हणजे गुरुभक्ती झाली. वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवताना ‘पाय आर वर्ग’ म्हणून झालं की ते शेवटच्या बाकाकडे वळत. “पाय वर करून बसायचा वर्ग नव्हे हा!” यावर आम्ही इतके हसलो, की सहामाहीत अर्ध्या वर्गाने क्षेत्रफळाऐवजी परीघ काढला. विनोद एकीकडे आणि वर्तुळ दुसरीकडे, असं झालं की हे व्हायचंच.

पण गवंड्याचं गणित घ्या. एक गवंडी एक भिंत 12 दिवसांत बांधतो, तर 12 गवंडी किती दिवसांत? एका दिवसात. इथे बाकीचे मास्तर पान उलटतात. आमचे सर खुर्ची ओढून बसायचे. “दिवसाचं काम आठ तास. मग 96 गवंडी?” एका तासात. “आणि 5760 गवंडी?” एका मिनिटात! सर हळूच विचारायचे, “अरे, पण तेवढे उभे कुठे राहणार? थापी कुणाच्या पाठीला लागेल? आणि यांना चहा कोण देणार? कप हातात येईस्तोवर मिनिट संपलं!” मग उठून फळ्यावर लिहायचे: गणित बरोबर, भिंत चूक. व्यस्त चलन कुठवर ताणायचं, हे मला नंतर कुठल्याही पुस्तकाने इतकं स्वच्छ सांगितलं नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. शेवटच्या बाकावर वही उघडून बसले. सर घाबरले आणि त्यांनी आयुष्यातला पहिला निर्विनोदी तास घ्यायचं ठरवलं. “एक गवंडी,” ते कोरड्या आवाजात म्हणाले, आणि अख्खा वर्ग फुटला. सरांचा चेहरा खडूसारखा पांढरा. साहेबांनी पुढच्या एका पोराला उभं केलं. “काय रे, गवंड्यात हसण्यासारखं काय आहे?” पोरगं म्हणालं, “साहेब, 5760 जणांना चहा कोण देणार?” हा आकडा आला कुठून, असं विचारल्यावर पठ्ठ्याने फळ्यावर 12 गुणिले 8 गुणिले 60 मांडून दाखवलं. साहेबांनी वहीत काय लिहिलं ते कळलं नाही, पण जाताना ते खिडकीबाहेर बघून हसत होते.

सरांच्या देव्हाऱ्यातला देव एकच, कापरेकर. देवळालीच्या शाळेत मास्तरकी करता करता ज्यांचं नाव जगभर गेलं, ते. डोंबिवली स्टेशनावर सुचल्या म्हणून कापरेकरांनी काही संख्यांना ‘डेम्लो’ नाव दिलं, हे सांगताना सर म्हणायचे, “तुम्हांला डोंबिवलीत गाडीत पाय ठेवायला मिळत नाही, त्यांना तिथे संख्या मिळाल्या.” ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. हर्षद म्हणजे आनंद देणारी. “बघा, गणितात आनंद मी घुसवलेला नाही. अधिकृत आहे.”

2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं, आणि विधानसभेपासून पानाच्या टपरीपर्यंत जो तो विनोद करू लागला. मी सरांना फोन केला. आवाज पडलेला. “सगळा महाराष्ट्र गणितावर हसतोय, आणि मी निवृत्त!” बाजू मात्र त्यांनी दोन्हीकडून घेतली. बोलताना तीन आधी आणि लिहिताना पाच आधी, हा त्रेपन्नचा उलटा कारभार पोरांना अवघड जातो, हे त्यांना मान्य होतं. पण एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी ही मंडळी जाणार म्हणून जीव तुटत होता. “सगळे शेजाऱ्याच्या नावावर जगणारे! स्वाभिमानी एकटा नव्व्याण्णव. शंभर दाराशी उभा असून त्याने एकोणशंभर म्हणवून घेतलं नाही.” फोन ठेवताना म्हणाले, “2019 घे. अंक उतरत्या क्रमाने मांड, त्यातून चढता वजा कर. जे येईल त्याचं पुन्हा तेच.” 9081, 9621, 8352, आणि चौथ्या खेपेला कापरेकरांचा 6174. मग तिथून हलेचना.

त्यांचा सर्वांत गाजलेला विनोद मात्र लग्नाचा. अ अधिक ब, कंसाचा वर्ग. आम्ही सगळे बिनधास्त अ वर्ग अधिक ब वर्ग लिहून मोकळे. सर डोक्याला हात लावायचे. “अ म्हणजे दहा, ब म्हणजे तीन. यजमानाने मुलीकडची शंभर आणि मुलाकडची नऊ पानं सांगितली. आचाऱ्याने 109 वाढली. पण तेराचा वर्ग किती रे? 169! साठ माणसं उपाशी उठली की पंगतीवरून! कोण होती ती?” मग फळ्यावर तेरा बाय तेराचा चौरस, त्यात एक उभी पट्टी, एक आडवी, दोन्ही दहा बाय तीन. “हे दोन अब. आत्याच्या जावेचे भाऊ, मामांच्या ऑफिसातले. पत्रिकेत यांची नावं नसतात, जेवायला मात्र हेच पुढे.”

गेल्या वैशाखात माझ्या मुलीचं लग्न झालं. केटररने पानं किती विचारली तेव्हा मी दोन्ही याद्यांची बेरीज केली, आणि थोडा वेळ थांबून आकडा वाढवला. बायको म्हणाली, एवढी कशाला? सांगायला लागलो असतो तर मुहूर्त टळला असता.

सर आले. आता काठी आहे, खांद्यावर खडू नाही. हॉलभर नजर फिरवून त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. “दोन अब धरलेत ना?”

“धरलेत, सर.”

“मग ते वीसेक जण ताटं घेऊन उभे का?”

मी नीट बघितलं. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. “सर, ते शेजारच्या हॉलमधल्या लग्नाचे आहेत. आपल्याकडे आईस्क्रीम आहे ना.”

“म्हणजे क,” सर म्हणाले. चष्मा घसरला. त्यांनी खिडकी शोधायला मान वळवली, आणि मी आधीच हसलो.